कालव्यातल्या होडीवर लिथियम बॅटरी: 14 महिन्यांचा अनुभव
निवृत्तीनंतर आम्ही पती-पत्नी मांडवी आणि जुवारी या नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात बांधून ठेवलेल्या होडीवर राहतो, त्यामुळे पंख्याच्या वाऱ्याचाही हिशेब रोज मांडावा लागतो. 14 महिन्यांपूर्वी जुनी लेड-ॲसिड बॅटरी काढून 12.8 व्होल्ट, 100 अँपिअर-तास क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवली. जुनी बॅटरी निम्म्याहून अधिक वापरली की तिचे आयुष्य घटत असे. हिच्या 1,280 वॅट-तासांपैकी हजारभर निर्धास्त वापरता येतात, आणि तेवढ्यात दोन लहान पंखे, दिवे व पाण्याचा पंप रात्रभर चालतात. वजनही निम्म्याहून कमी असल्याने ओहोटीच्या वेळी, होडी धक्क्यापासून बरीच खाली गेलेली असताना, ती एकट्याने उतरवता आली. या वयात ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते.

तक्रार बसवणाऱ्याविषयी आहे. त्याने कथिलाचा मुलामा नसलेली साधी तांब्याची तार वापरली, आणि खाऱ्या हवेने ती पहिल्याच पावसाळ्यात हिरवी पडली. आषाढात सौर पॅनेलवर विसंबू नये. तेव्हा किनाऱ्यावरची वीज घ्यावीच लागते, मात्र त्यासाठी लिथियमला योग्य असा चार्जर आधीच विकत घ्यावा.