आफ्रिकेचा भिंतीवरचा नकाशा: प्राकृतिक घ्यावा की राजकीय?

भाचीच्या अभ्यासाच्या खोलीत नकाशा एकच मावतो. कोणता घेऊ, असं तिने विचारलं.

टिकाऊपणात प्राकृतिक सरस. सहारा, नाईल, किलिमांजारो (५,८९५ मीटर) जागा सोडत नाहीत. चाड सरोवर तेवढं १९६० च्या दशकानंतर खूप आटलं, जुन्या नकाशांत ते अजून ऐसपैस निळं दिसतं. राजकीय नकाशा मात्र लवकर शिळा होतो. २०११ मध्ये दक्षिण सुदान वेगळा झाला, २०१८ मध्ये स्वाझीलँडचं इस्वातिनी झालं. त्याआधीचा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

वाचायला प्राकृतिक अवघड. त्यातला हिरवा म्हणजे जंगल नव्हे, कमी उंची. इजिप्तमधला कतारा खोलगट भाग समुद्रसपाटीच्या १३३ मीटर खाली आहे, म्हणून रखरखीत वाळवंट असूनही अनेक नकाशांत तो हिरवागार! भाची नेमकी इथेच फसली होती.

माणसं दोन्हींत कमीच दिसतात. केनिया-टांझानियाची सीमा किलिमांजारोपाशी वाकते, बाकी जवळपास सरळ रेघ. ती मसाई लोकांचा मुलूख चिरत जाते, हे कुठलाच नकाशा सांगत नाही.

हवामान, नद्या, शेती समजून घ्यायची असेल तर प्राकृतिक. बातम्या आणि राजधान्यांसाठी राजकीय, पण ताजाच. भाचीने प्राकृतिक घेतला. देशांची नावं ती त्यावर पेन्सिलीने लिहितेय.