काळा वाटाणा, पाच लिटरचा कुकर आणि आठ महिने

वेंगुर्ल्याच्या आमच्या घरी गेल्या गणपतीच्या आधी पाच लिटरचा, जाड बुडाचा स्टीलचा कुकर आणला, त्याला आता आठ महिने झाले. पाच माणसांचा स्वयंपाक त्यात रोज होतो. या काळात माझी एक जुनी सवय सुटली, ती म्हणजे शिट्ट्या मोजण्याची.

काळ्या वाटाण्याला सहा शिट्ट्या, हा सासूबाईंचा हिशेब जुन्या ॲल्युमिनियमच्या कुकरला बरोबर लागू पडत असे. नव्या कुकरमध्ये मात्र सहा शिट्ट्यांनंतरही वाटाणा बोटांत दाबला की साल बाजूला सरके आणि आत पांढरी, कोरडी कणी राही. दोन वेळा आमटी बिघडल्यावर मी शिट्टीचे काम नीट समजून घेतले.

झाकणावरची शिट्टी म्हणजे वाफेच्या छिद्रावर ठेवलेले वजन. घरगुती कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलोग्रॅम अधिक दाब झाला की ते उचलले जाते; छिद्राचा व्यास 3 मिलिमीटर धरला, तर त्यासाठी सुमारे 70 ग्रॅमचे वजन पुरते. या दाबाखाली पाणी 100 ऐवजी साधारण 120 अंश सेल्सिअसला उकळते, आणि वाटाण्याच्या पेशींना चिकटवून ठेवणारे पेक्टिन त्या उष्णतेत कितीतरी लवकर सुटते. वजन एकदा उचलले गेले की आच वाढवून तापमान वाढत नाही. जादा उष्णता वाफ होऊन बाहेर जाते, एवढेच. म्हणूनच मोठ्या आचेवर सहा शिट्ट्या पाहता पाहता होतात आणि वाटाणा मात्र कच्चा राहतो. शिजण्याचा हिशेब त्या तापमानात गेलेल्या मिनिटांचा आहे.

आता मी वाटाणा रात्रभर भिजवते आणि कुकर अर्ध्याहून अधिक भरत नाही, कारण कडधान्याचा फेस आणि सुटी सालपटे वर चढून छिद्र बुजवू शकतात. नळीतून वाफेची सरळ, सलग धार येऊ लागली की मगच शिट्टी ठेवते. आत हवा कोंडून राहिली, तर दाबाचा काही वाटा तिचाच असतो आणि वाफेचे तापमान तेवढे कमी पडते. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून घड्याळाने पंधरा मिनिटे ठेवते आणि दाब आपोआप उतरू देते. जाड बूड उष्णता धरून ठेवते, त्यामुळे गॅस बंद केल्यावरही आत शिजणे बराच वेळ चालू असते. वाटाणा अखंड राहतो आणि दाबला की लोण्यासारखा मऊ लागतो.

पुण्यात असताना डाळीला वेळ लागतो तो उंचीमुळे, असे ऐकले होते. ते खरे आहे, पण उघड्या भांड्यापुरते. तिथे पाणी साधारण 98 अंशांना उकळते, इथे समुद्रकाठी 100 ला. कुकरमध्ये मात्र हा फरक जेमतेम एका अंशावर येतो.

माशाचे सार आणि उकड्या तांदळाची पेज मी कुकरमध्ये करत नाही. सुरमईची तुकडी 100 अंशांच्या खूप आधीच शिजते, तिला 120 अंशांची गरजच नाही; आणि पेजेचा फेस छिद्रासाठी चांगला नव्हे. हाडे मऊ करणे हे मात्र कुकरचे मूळ काम आहे. डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1679 मध्ये लंडनमध्ये असे भांडे तयार केले ते त्यासाठीच, आणि भांडे फुटू नये म्हणून दांडीवर वजन लावलेली सुरक्षा झडपही त्यानेच योजली. मटणाला मी म्हणूनच कुकर लावते.

तक्रार एकच. पाचव्या महिन्यात रिंग कडक झाली आणि झाकणाच्या कडेने वाफ जाऊ लागली. बाजारातून ‘याच मापाची’ म्हणून मिळालेली रिंग किंचित सैल निघाली; शिट्टी झालीच नाही, पाणी आटले आणि कुळीथ बुडाला लागले. त्यानंतर कुकर बनवणाऱ्या कंपनीचीच रिंग मागवली, ती व्यवस्थित बसली. स्टीलला खाऱ्या हवेने काही झालेले नाही, पण मुठीच्या स्क्रूंवर गंज दिसू लागला आहे. ते मी आता दर आठवड्याला पुसून, खोबरेल तेलाचे बोट लावून आवळते.