एक्सचेंजचं वर्ष: जर्मनीची शाळा की अमेरिकेची?

दहावीनंतर मुलाला एक्सचेंजवर, म्हणजे एक वर्ष परदेशातल्या घरी राहून तिथल्या शाळेत पाठवायचं घरात ठरत आलंय आणि गाडी देशापाशी अडलीये, अशा सांगलीकरांसाठी हे. बर्फातले फोटो बाजूला ठेवू. पोरगं रोज शाळेत काय करणार, ते बघू.

जर्मनीत शाळा आठच्या आसपास भरते. डिसेंबरात तेव्हा बाहेर चक्क अंधार असतो. जायचं सायकलने, नाहीतर गावच्या बसने. खालच्या वर्गांत पद्धत ओळखीची वाटते: तीच तुकडी, तासाला शिक्षक बदलतात. गुण मात्र उलटे, १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे नापास. आपल्या हुशार मुलांची खरी गोची वेगळीच आहे. तिथे हात वर करून बोलण्याला वजन आहे, तोंडी सहभाग गुणांत धरला जातो. पहिल्या बाकावर गप्प बसून सुबक वही ठेवणारी मुलगी आपल्याकडे गुणी. तिथल्या बाईंना वाटतं, हिला विषयात रसच नाही. त्यात सगळं जर्मनमधून. पहिले काही महिने इतिहासाच्या तासाला नुसतं फळ्याकडे बघत बसायची तयारी हवी, आणि घरच्यांनी तेवढ्यात घाबरून फोनाफोनी करू नये.

अमेरिकेत तुकडी हा प्रकारच नाही. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. तास संपला की चार-पाच मिनिटांत लॉकर उघडायचा, वह्या बदलायच्या आणि इमारतीच्या दुसऱ्या टोकाला पळायचं. शौचालयाला जाताना हातात पास. (‘बाई, जाऊ का?’ म्हणत वाढलेल्यांना हे जड जाऊ नये.) इंग्रजी आणि अमेरिकेचा इतिहास बहुधा घ्यावाच लागतो, बाकी नाटक, सुतारकाम, बँड असलं काही निवडता येतं. इथल्या क्लासमध्ये घासून निघालेल्यांना गणित सोपं वाटतं. अवघड असते ती जेवणाची सुट्टी. ट्रे घेऊन कॅफेटेरियात उभं राहायचं आणि कुठल्या टेबलावर बसावं ते कळत नाही, कारण रोज शेजारी बसणारं ठरलेलं कुणी नसतं. उपाय एकच: पहिल्याच आठवड्यात शाळेच्या एखाद्या संघात नाव घालणं. तिथे खेळ शाळेचाच, सराव शाळा सुटल्यावर. जर्मनीत खेळ बहुतेक गावच्या क्लबात चालतो, तो स्वतः शोधावा लागतो.

शाळेबाहेरचा फरक आईवडिलांच्या लक्षात उशिरा येतो. रोटरी क्लबच्या एक्सचेंजमार्फत गेलात तर दारू, अमली पदार्थ, प्रेमप्रकरण आणि गाडी चालवणं, चारही बंद. अमेरिकेतल्या लहान गावात गाडीशिवाय पान हलत नाही. मैत्रिणीकडे जायचं तरी होस्ट आईच्या, म्हणजे ज्या घरी राहतो तिथल्या आईच्या, मागे लागायचं. जर्मनीत सोळाची पोरगी एकटी बसने-रेल्वेने फिरते. मात्र तिथे सोळाव्या वर्षी बिअर कायदेशीर आहे, त्यामुळे नियमाची परीक्षा जास्त.

जेवणाबद्दल थोडक्यात: जर्मन घरात रात्री बऱ्याचदा ब्रेड, चीज, काकडी, अमेरिकन शाळेत पिझ्झा आणि पीनट बटरचं सँडविच. भडंग कितीही बांधून द्या, पुरत नाही. फोनला जर्मनी सोयीची. इथे रात्रीचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात तिथे साडेपाच, मूल घरी आलेलं असतं. शिकागोत तेव्हा सकाळचे साडेदहा, म्हणजे वर्गात.

खर्चाचं म्हणाल तर रोटरीत राहणं-जेवण होस्ट कुटुंबाकडे आणि शाळेची फी नाही. तिकीट, विमा, व्हिसा आपला. बदल्यात परदेशी मूल आपल्या घरी ठेवायची वेळ बहुधा येते, तेव्हा आजीला आधीच विचारून ठेवा. वर्ष दोन्हीकडे गेलं असंच धरा. शाळा ऑगस्ट-सप्टेंबरला भरून मे ते जुलैदरम्यान संपते, अकरावीशी मेळ बसत नाही. अमेरिकन शाळेचा डिप्लोमाही एक्सचेंजवाल्यांना सहसा देत नाहीत.

माझं मत? मेडिकलची ‘नीट’ परीक्षा द्यायचीच असेल तर दोन्ही देश सोडा. मूल बोलकं आहे पण नवी भाषा नको म्हणतं, तर अमेरिका. नाहीतर मी जर्मनीच म्हणेन, कारण वर्षभरात भाषा पक्की होते आणि तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. इंजिनिअरिंगवाल्या घराला हे पुढे उपयोगी पडतं. पण मग जर्मनचा क्लास दहावीच्या सुट्टीत नको, नववीतच लावा. सांगली-मिरजेत शिकवणारं कुणी मिळालं नाही तर ऑनलाइन.