ब्रसेल्समध्ये चार वर्षांच्या मुलासाठी: छोटी स्वीडिश शाळा की ब्रिटिश अभ्यासक्रमाची?

स्वीडनमधल्या गोथेनबर्गहून बेल्जियममध्ये बदली होणाऱ्या मराठी घरांतून हा प्रश्न मला बरेचदा विचारला जातो. मूल तिकडच्या फोरस्कोलात, म्हणजे स्वीडिश बालवाडीत, रमलेलं असतं आणि आता इथे त्याला कुठे घालायचं हे ठरत नसतं. फ्रेंच किंवा डच माध्यमाची इथली बालवाडी अडीच वर्षांपासून मोफत आहे. मुक्काम लांबचा असेल तर मी तिचाच विचार आधी करायला सांगेन. पण कंपनीच्या दोन-तीन वर्षांच्या करारावर आलेल्यांसमोर बहुधा दोनच पर्याय उरतात. एक, ब्रिटिश अभ्यासक्रमाची मोठी आंतरराष्ट्रीय शाळा. दुसरा, स्वीडिश पद्धतीची छोटी शाळा, जिथे स्वीडिश, इंग्रजी आणि फ्रेंच या तिन्ही भाषा दिवसभर कानावर पडतात. 2020पासून बेल्जियममध्ये शिक्षण पाचव्या वर्षापासून सक्तीचं आहे, त्यामुळे हा निर्णय फार काळ लांबवता येत नाही.

आमची मुलगी दोन्हीकडे शिकली. आधी ब्रिटिश शाळेत, मग स्वीडिश.

ब्रिटिश शाळेबद्दल चांगलं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. मैदान मोठं, संगीताची खोली वेगळी, पोहण्याचा तलाव आणि संध्याकाळपर्यंत मुलांना सांभाळण्याची सोय. नवराबायको दोघंही नोकरी करत असतील तर ही शेवटची गोष्ट फार मोलाची. उद्या दुबईला किंवा सिंगापूरला बदली झाली तर तिथेही हाच अभ्यासक्रम मिळतो आणि मुलाची गाडी अडत नाही. शिक्षिका प्रेमळ होत्या, आजही मुलगी त्यांची आठवण काढते.

आमच्यासाठी गोष्ट ठरली ती दप्तरातल्या एका छोट्या वहीमुळे. रोज संध्याकाळी शाळेतून आठ-दहा पानांचं इंग्रजी पुस्तक यायचं. मुलाकडून ते वाचून घ्यायचं, वहीत एक ओळ लिहायची, सही करायची. काम दहा मिनिटांचं. इंग्लंडमध्ये पहिलीच्या अखेरीला प्रत्येक मुलाकडून 40 शब्द वाचून घेतात, त्यांतले काही मुद्दाम रचलेले निरर्थक शब्द असतात. परदेशातल्या शाळा ही चाचणी घेतीलच असं नाही, पण शिकवण्याचा वेग तिथूनच येतो. चौथ्या वर्षी अक्षरांचे ध्वनी, पाचव्या वर्षी वाक्यं. वहीमागे हा सगळा वेग असतो, म्हणून तिला सुट्टी नाही.

आता आमच्या घरची संध्याकाळ पाहा. मी ऑफिसातून घरी येईपर्यंत साडेसहा वाजून जातात. तोवर पुण्यात रात्रीचे दहा-अकरा वाजलेले असतात, म्हणजे आजीचा फोन त्याआधीच होऊन गेलेला असतो. मग जेवण, अंघोळ, आणि झोपायच्या आधीची अर्धी घटका. मुलीच्या वाट्याला माझ्याकडून येणारी मराठी ती एवढीच. वहीने नेमकी तीच वेळ खाल्ली. आधी वाचन उरकायचं, तोवर तिचे डोळे मिटायला लागायचे आणि चिऊ-काऊची गोष्ट रविवारवर जायची. काही महिन्यांत पुस्तक म्हणजे इंग्रजी असं तिच्या मनात पक्कं बसलं. मी मराठीत गोष्ट सुरू केली की ती उत्तरं इंग्रजीत द्यायची. आठवड्यातले दोन दिवस मराठी पुस्तक वाचून वहीत तशी नोंद केली तर चालेल का, असं मी विचारलं. जरूर वाचा, पण ते या पुस्तकाव्यतिरिक्त, असं सौम्य उत्तर मिळालं. त्यांच्या पद्धतीत ते बरोबरच होतं. माझ्या घरात मात्र ते बसत नव्हतं.

स्वीडिश शाळेतल्या पहिल्या भेटीत शिक्षिकेने विचारलं, मुलगी घरी पाण्याला, झोपेला, शी-शूला काय म्हणते? ते शब्द तिने रोमन अक्षरांत लिहून वर्गाच्या भिंतीवर लावले. हा एखाद्या शिक्षिकेचा चांगुलपणा नव्हे. ज्यांची मातृभाषा स्वीडिश नाही त्या मुलांना स्वीडिशबरोबर स्वतःची भाषाही वाढवता यावी, यासाठी फोरस्कोलाने हातभार लावावा असं स्वीडनच्या शालेय कायद्यातच म्हटलेलं आहे. परदेशातल्या शाळेतही ती सवय टिकून राहते, असा माझा अनुभव आहे. सकाळी सगळी मुलं गोल करून बसतात, तेव्हा तीन भाषांतली गाणी होतात आणि मधूनच एखाद्या मुलाच्या घरातलंही गाणं येतं. संध्याकाळी दप्तरातून निघतो तो चिखलाने माखलेला रेनसूट. वाचून घ्यायचं काही नसतं.

त्या रेनसूटचा जाच खराच आहे. पाऊस असो वा थंडी, मुलं बाहेर खेळतातच. स्वीडनमधल्या फोरस्कोलात कपडे वाळवायचं गरम कपाट असतं. इथल्या भाड्याच्या इमारतीत ते नव्हतं, म्हणून ओले कपडे पिशवीतून घरी यायचे. सुरुवातीच्या दिवसांत आईने किंवा वडिलांनी वर्गात बसायचं असतं, त्यासाठी रजा हाताशी ठेवा. शाळा लहान असल्याने बरोबरीच्या वयाची मुलं मोजकीच असतात, आणि जून आला की त्यांतलं एखादं घर हमखास गाव सोडतं. जिवलग मैत्रीण गेल्यावर आमची मुलगी बरेच दिवस गप्प होती. मोठ्या शाळेत तिला दुसरी मैत्रीण कदाचित लवकर मिळाली असती.

आजी-आजोबांची काळजी वेगळी असते. पुण्यातली चुलत भावंडं सीनियर केजीत ओळीच्या ओळी लिहितात आणि ही सहा वर्षांची होऊनही वाचत नाही, हे त्यांना खटकतं. स्वीडिश व्यवस्थेत सहाव्या वर्षाचा वर्ग 2018पासून सक्तीचा आहे, पण तोही बराचसा खेळाचाच, आणि गुण साधारणपणे सहावीपासून मिळतात. वर्षभरात भारतात परतून मोठ्या शाळेत प्रवेश घ्यायचा असेल, तर ब्रिटिश शाळा तुम्हाला सोयीची पडेल. स्वीडिश शाळा निवडलीत तर निघण्याआधीचे काही महिने घरीच लेखनाचा सराव करून घ्यावा लागेल. आम्ही देवनागरीपासून सुरुवात केली, आणि मुलगी अक्षरं आवडीने गिरवायला बसायची.

मूल सात-आठ वर्षांचं असेल तर माझं हे बोलणं तुम्हाला फारसं लागू नाही. पण ते तीन ते सहाच्या मधलं असेल, घरात मराठी बोलणारी माणसं तुम्ही दोघंच असाल आणि तुमचीही संध्याकाळ आमच्याइतकीच तोकडी असेल, तर आधी स्वीडिश शाळा पाहून या. जाल तेव्हा पावसाळी दिवस निवडा आणि कपडे कुठे वाळवतात ते जरूर विचारा.