हार्नेस, उघड्या पाठीचा ड्रेस आणि माझी सन हुडी: तीन वर्षं वापरल्यावर

मी मॉडेलिंग करते आणि कातळावर चढते. दोन्हीतलं काहीही सोडायची माझी तयारी नाही. त्यामुळे माझ्या सन हुडीबद्दल, म्हणजे उन्हापासून वाचवणाऱ्या टोपीवाल्या कपड्याबद्दल, जरा सविस्तर लिहितेय. कंपनीचं नाव घेत नाही, कारण खरा मुद्दा कापडाचा आणि शिवणीचा आहे.

तीन वर्षांपूर्वी एका फिटिंगला उघड्या पाठीचा ड्रेस घातला आणि स्टायलिस्टने पाठ फिरवायला सांगितली. आदल्या आठवड्यात चार दिवस मी बिनबाह्यांच्या टॉपवर चढाई केली होती. पाठीवर टॉपच्या पट्ट्यांचे दोन पांढरे वळ, मनगटावर घड्याळाची गोल खूण, बाकी सगळं रापलेलं. मेकअप आर्टिस्टने पाऊण तास खपून बॉडी मेकअप केला, तरी दिव्याखाली वळ उठून दिसत होते. काम दुसरीला गेलं. घरी येताना मला रडू आवरलं नाही. रापलेली कातडी एकसारखी व्हायला कित्येक आठवडे जातात आणि एजन्सीचे डिजिटल्स, म्हणजे मॉडेल जशी आहे तशी दाखवणारे साधे फोटो, बिनमेकअपचेच काढतात. तिथे झाकायची सोयच नाही.

'दोन्हीतलं एक निवड,' असं तेव्हा मला सांगण्यात आलं. मला ते पटलं नाही. मिलिंद सोमण जलतरणपटू होते, मॉडेल झाले आणि २०१५ साली त्यांनी झुरिचची आयर्नमन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशी लांबलचक शर्यतही पूर्ण केली. मला फक्त उन्हाचा बंदोबस्त करायचा होता.

सनस्क्रीन मी लावतच होते. पण एसपीएफचा आकडा ज्या चाचणीतून येतो, तिथे दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावतात. एवढा जाड थर सहसा कुणी लावत नाही. शिवाय दर दोन तासांनी ते पुन्हा लावायचं. बोटं चॉकने (पकड घट्ट राहावी म्हणून लावायच्या पांढऱ्या भुकटीने) माखलेली, जोडीदार वर चढतोय, त्याला बिले देताना, म्हणजे तो पडला तर दोराने सावरायला खाली उभं असताना, दोरावरचा हात सोडायचा नाही. मग क्रीम कधी लावणार?

म्हणून सन हुडी घेतली. पूर्ण बाह्या, टोपी, गळ्यापाशी छोटी चेन, यूपीएफ ५०. म्हणजे अतिनील किरणांपैकी फार तर २ टक्के कापडातून आत येतात, आणि यात यूव्हीए, यूव्हीबी हे या किरणांचे दोन्ही प्रकार मोजलेले असतात. पातळ सुती टीशर्ट याच्या जवळपासही येत नाही, घामाने भिजला की आणखीच मागे पडतो. पहिल्या मोसमातच फरक दिसला. खांदे, पाठ, दंड एका रंगाचे राहिले. टोपी हेल्मेटच्या आत नीट बसते, कानामागे चुणी पडत नाही. हात वर ताणला तरी हार्नेसखालून (दोर बांधायच्या कमरेच्या पट्ट्याखालून) हुडी निसटत नाही, कारण काखेत वेगळा तुकडा जोडलाय. त्या शिंप्याला माझा नमस्कार!

आता खटकलेल्या गोष्टी. बाहीला अंगठ्यासाठी भोक आहे. बाही हाताच्या पाठीवर ओढून घेतली की ती बोटांच्या पेरांपाशी संपते आणि तिथेच रापल्याची सरळ रेघ उमटते. घड्याळाच्या एका शूटला क्लोजअपमध्ये ती रेघ आधी माझ्या लक्षात आली, मग फोटोग्राफरच्या. तेव्हापासून बोटांना सनस्क्रीन न चुकता लावते. हुडी असली म्हणजे क्रीम नको, असं अजिबात नाही. बर्फावर तर मुळीच नाही. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो आणि दर १००० मीटर चढलं की त्यांचा मारा साधारण १० टक्क्यांनी वाढतो. टोपी वरून येणारं ऊन अडवते, खालून येणारं नाही. माझी हनुवटीखालची कातडी अशीच भाजली होती. चेन पूर्ण वर ओढली तर संरक्षण मिळतं, पण तिचं टोक हनुवटीला घासून लाल चट्टा उठतो. दुसऱ्या दिवशी कास्टिंग असेल तर आत मऊ रुमाल धरा.

माप घेताना माझी चूक झाली होती. फोटोत छान दिसते म्हणून अंगासरशी घेतली. कापड ताणलं की वीण उघडते आणि यूपीएफ उतरतो. एक माप मोठीच घ्या.

दोन वर्षांनी सॅकच्या पट्ट्यांखाली खांद्यावर कापड विरलं. उजेडात धरलं तर पलीकडची खिडकी दिसत होती. तेव्हाच ती बाजूला ठेवली आणि त्याच प्रकारची दुसरी घेतली, एक माप मोठी. या वेळी अंगठ्याचं भोक शिवून बंद केलंय आणि मनगटाची पट्टी सैल करून घेतलीय.