रास्पबेरी पाय ओएस 'बुकवर्म': नेटवर्कपुरता रिव्ह्यू

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर-बोर्ड आणि मेमरी कार्ड आणलं की कार्डावर इमेज, म्हणजे ओएसची तयार प्रत, चढवायला वेळ लागत नाही. खरी कसोटी नेटवर्कची. या ओएसच्या २०२३च्या बुकवर्म आवृत्तीपासून नेटवर्क सांभाळायला जुना डीएचसीपीसीडी प्रोग्राम जाऊन नेटवर्कमॅनेजर आला. त्यामुळे जुन्या व्हिडिओंत सांगतात तसं कार्डाच्या बूट पार्टिशनमध्ये (सुरू होताना वाचला जाणारा भाग) डब्ल्यूपीए सप्लिकंटची, म्हणजे वायफायच्या सेटिंगची, फाइल टाकून वायफाय लागत नाही. एररही दिसत नाही, नुसतं बसायचं वाट बघत! वायफायचं नाव, पासवर्ड आणि देश 'आयएन' (भारत) हे इमेजरमध्येच, म्हणजे इमेज चढवणाऱ्या प्रोग्राममध्येच, भरा. देश राहिला तर वायफायचा रेडिओ बंदच राहू शकतो. पायचा छोटा बोर्ड झीरो २ डब्ल्यू वायफायचा फक्त २.४ गिगाहर्ट्झ बँड पकडतो. चाळीस घरांच्या टॉवरमध्ये त्या बँडवर लोकलसारखी गर्दी, म्हणून शक्य तिथे केबलच लावा.

स्थिर आयपीसाठी, म्हणजे नेटवर्कवरचा न बदलणारा पत्ता देण्यासाठी, नेटवर्कमॅनेजरचा टर्मिनलमधला मेनू 'एनएमटीयूआय' झकास आहे. आयपीव्ही४ 'मॅन्युअल' करा, पत्ता १९२.१६८.१.५०/२४ असा लिहा. मागचं /२४ (नेटवर्क केवढं ते सांगणारा आकडा) विसरलात तर ते /३२, म्हणजे एकट्या पत्त्याचं नेटवर्क, धरलं जातं आणि शेजारचा प्रिंटरही थेट सापडत नाही. गेटवे (राउटरचा पत्ता), डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारा सर्व्हर) भरून कनेक्शन पुन्हा चालू करा, नुसतं सेव्ह पुरत नाही. एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून दूरस्थ लॉगिन करून, करत असाल तर सेशन तुटणारच; नव्या पत्त्यावर जोडा.

पाचपैकी चार. एक गुण कापला तो त्या मुक्या अपयशासाठी.