ऑस्ट्रेलियाची ‘नॅशनल रिड्रेस स्कीम’ : पुराव्याबाबत उदार, मोजमापात कोती

अनाथालय, शाळा, चर्च अशा संस्थांमध्ये बालपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्यांसाठी ऑस्ट्रेलियात १ जुलै २०१८ पासून ही योजना सुरू आहे. कोर्टाची पायरी न चढता नुकसानभरपाई, समुपदेशन आणि अर्जदाराची इच्छा असल्यास संस्थेच्या वरिष्ठांनी समक्ष मागितलेली माफी, या तीन गोष्टी तिच्यातून मिळू शकतात. तिची खरी जमेची बाजू पुराव्याच्या निकषात आहे. पन्नास वर्षांपूर्वी वसतिगृहात घडलेल्या प्रकाराला साक्षीदार आणायचा कुठून, हे ओळखून दिवाणी दाव्यापेक्षा कमी पुरावा येथे पुरेसा मानला जातो; घटना घडली असण्याची वाजवी शक्यता दिसली की पुरते, आणि उलटतपासणीला तोंड द्यावे लागत नाही.

रकमेच्या हिशेबात मात्र हा उदारपणा आटतो. संस्थांमधील या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने २०१५ मध्ये कमाल दोन लाख डॉलर सुचवले होते, सरकारने ते दीड लाखावर आणले. त्याहून खटकते ते रक्कम ठरवण्याचे कोष्टक. आयोगाने शंभरपैकी चाळीस गुण आयुष्यावर झालेल्या परिणामांसाठी ठेवले होते. योजनेने ती गुणपद्धत बाजूला सारून अत्याचाराच्या शारीरिक प्रकारावरून तीन वर्ग पाडले (शरीरात प्रवेश करून केलेला, स्पर्शाचा आणि स्पर्शाविना) आणि त्यांना अनुक्रमे १,५०,०००, ५०,००० व २०,००० डॉलरची मर्यादा घातली. त्यामुळे वर्षानुवर्षे ‘केवळ स्पर्शाचा’ (हे ‘केवळ’ कोणी ठरवले?) अत्याचार सोसून ज्याचे शिक्षण, संसार आणि झोप उद्ध्वस्त झाली, त्याला परिणामांपोटी मिळतात दहा हजार. संस्थेने पूर्वी काही रक्कम दिली असेल तर तीही वजा होते, आणि तीसुद्धा दरसाल १.९ टक्क्यांनी वाढवून. हा चोखपणा कारकुनी आहे.

प्रस्ताव आल्यावर विचाराला सहा महिने मिळतात, पण तो स्वीकारून सही केली की त्याच अत्याचाराबद्दल त्या संस्थेवर दिवाणी दावा लावण्याचा हक्क संपतो. पूर्वी या अटीने फारसे बिघडत नसे, कारण दावा किती वर्षांत लावावा हे ठरवणारा मुदतीचा कायदा आडवा येई आणि कॅथलिक चर्चला कायदेशीर अस्तित्वच नसल्याचा, २००७ च्या एलिस निकालाने मान्य झालेला बचाव उरलेली वाट अडवी. व्हिक्टोरिया राज्याने २०१५ मध्ये मुदतीची अट काढली आणि २०१८ च्या कायद्याने तो बचावही मोडीत काढला, तेव्हापासून दावा हा खराखुरा पर्याय झाला आहे. त्यातही खाचखळगे आहेतच : नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने, म्हणजे तेथील सर्वोच्च न्यायालयाने, व्हिक्टोरियातल्या बॅलरॅट या कॅथलिक धर्मप्रांताच्या प्रकरणात, धर्मगुरू हा नोकर नसल्याने त्याच्या कृत्याचे दायित्व आपोआप धर्मप्रांतावर येत नाही, असा निकाल दिला.

म्हणूनच सही करण्यापूर्वी ‘नोमोअर’ या मोफत कायदेविषयक सेवेच्या वकिलाला आपले प्रकरण दाखवावे. अर्ज ३० जून २०२७ पर्यंतच घेतले जाणार आहेत, आणि संस्थांकडून जुनी दप्तरे मिळवायला वेळ लागतो.